आप्पांच्या नावाचं यान

वडूज
८ फेब्रुवारी २०२४

चि. भाऊसोस, थोरल्या बहिणीचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. इकडं समदी बरी हायेत, तुझी खुशाली कळीव.

तुला फोन करावा तर तू नुसतं हां हां करतोस. मागं मी म्हनलं गुडघं लय दुखत्यात, तर तू म्हनलास, वा वा, लय चांगलं झालं! कानातलं मशीन कपाटात ठिवून ऐकू कसं यायचं रं? म्हनून लिवती. आन् ही गोष्ट फोनवर बोलायची बी न्हाई. इंद्रजितची बायको भिंतीपल्याडच असती, थोरली सून हाय, गुनाची हाय, पर कान लय तिखाट.

काल अमेरिकेवनं विश्वजितचा फोन आला. लय खुशीत व्हता. म्हनला, आई, आप्पांना मी आभाळात धाडतोय. मला आदी कळंचना. मग त्येनं फोड करून सांगितलं. तिकडं एक कंपनी हाय, ती मेलेल्या मानसाचं नाव कोरून त्येची चिमूटभर राख यानात घालून धाडती. तुझं दाजी गेलं तवा विश्वजित पोचला त्यो तिसऱ्या दिवशी, सावडायच्या वक्ताला. बापाचं तोंड बगायला मिळालं न्हाई त्येला. त्या राखंतली चिमूट त्येनं डबीत घेतली व्हती. ती आता मार्चअखेरीला यानातनं जानार, गुरूपतूर जानार, आन् तिथनं फुडं सूर्याच्या बी भाईर जानार म्हनं.

भाऊसो, त्या डबीत तुझं दाजी न्हाईत रं.

मी ती डबी त्येच्या कपड्याच्या बॅगंत बगितली व्हती. आपल्यात अस्थी घरात आनत न्हाईत, भाईर झाडाला बांधत्यात, तुला म्हाईत हाय. मला वाटलं, पोरगं खुळं हाय, आठवन म्हनून नेतंय. समुद्रापल्याड नेल्यावर त्येंचा जीव अर्धा हितं आन् अर्धा तिथं अडकायचा. म्हनून कराडला संगमावर गेलो तवा समद्यांच्या मागनं मी डबी पान्यात उपडी केली, खळबळून धुतली, पदरानं पुसली आन् माझ्या कनवटीचा बिरोबाच्या धुनीचा अंगारा तिच्यात भरला. दर बारीला जाताना मी त्येच्या बॅगंत अंगारा घालतीच की. त्येनं कशाला नेतोय ते सांगितलं न्हाई, मी बी काय केलं ते सांगितलं न्हाई. राखंसारखीच राख, त्येला कळलं न्हाई.

आता यान उडायच्या आदी सांगू का गप ऱ्हाऊ? सांगावं तर पोराचं काळीज फाटंल. तू मास्तर मानूस, जलमभर पोरास्नी गिरं-तारं शिकिवलंस. मला काय ते लिव, आन् लवकर लिव.

माया हाय तशीच ठेव.
तुझी हरणाआक्का


सांगली
२१ फेब्रुवारी २०२४

ती. हरणाआक्कास, धाकट्या भाऊसोचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझं पत्र पोचायला आठवडा लागला, वाचून दोन दिवस मी नुसताच घरात येरझाऱ्या घातल्या. आक्का, तुझ्या हाताला खोडच आहे. मी कराडला होस्टेलवर होतो तेव्हा माझ्या ट्रंकेत न विचारता कांदे आणि बाजरीच्या भाकरी कोंबायचीस, त्यात माझी नवी वही तेलानं भिजली होती. पोरगा अमेरिकेत मोठा इंजिनिअर झाला तरी त्याची बॅग उघडून बघायचीच का? बरं, झालं ते झालं. रागावून लिहीत नाही, पण थोडं रागावलोही आहे.

माझं मत विचारशील तर ताबडतोब सांग. यान अजून जमिनीवर आहे. त्याला वाईट वाटेल, दोन दिवस तो बोलणार नाही, मग तुझ्यासारख्या आईचाच मुलगा आहे, सावरेल. पण एकदा ते उडालं की परत बोलावता येत नाही. मग सांगितलंस तरी त्याच्या हातात काही उरणार नाही, आणि नाही सांगितलंस तर ते ओझं तुलाच वाहावं लागेल. तू गप्प बसणाऱ्यांतली नाहीस, तुला झोप लागायची नाही.

आणि एक सांगू? तुम्ही कराडला दाजींना पाण्यात सोडलंत, म्हणजे पुढं एक-दोन दिवसांत ते इथं माझ्या घाटावरून गेले असणार. त्या आठवड्यात मी रोज सकाळी आयर्विन पुलाखाली फिरायला जात होतो. नदीला पाणी बरंच होतं. मला तेव्हा हे सुचलंच नाही, नाहीतर दोन फुलं तरी सोडली असती. माझ्या लग्नात दाजींनी मेंढरं वाघरात कोंडून रात्रभर चालत येऊन अक्षता टाकल्या होत्या. त्या माणसाला मी साधा हात जोडला नाही.

विश्वजितला फोन कर. स्पीकर बंद करून कर.

तुझ्या मायेवर जगणारा,
भाऊसो


वडूज
६ एप्रिल २०२४

चि. भाऊसोस, आक्काचा आशीर्वाद. देव तुझं कान न्हाई तर न्हाई, डोळं तरी शाबूत ठेवो, म्हंजी माझी पत्रं वाचता येतील.

यान गेलं. मी सांगितलं न्हाई.

तुझं पत्र आल्यावर मी दोनदा फोन केला. पयल्या बारीला धाकट्या सुनंनं, सोनियानं उचलला. ती म्हनली, आत्या, ह्ये हापिसात हायेत, पर आता लय बरं हाय. आप्पा गेल्यापास्नं ह्ये धड जेवत नव्हतं, आता त्या यानाचं ठरल्यापास्नं मानसात आल्यात. ह्ये ऐकल्यावर मी काय सांगू? गुडघ्याला तेल कुठलं लावू, ते इचारून फोन ठिवला. दुसऱ्या बारीला विश्वजितच व्हता. त्यो आपल्याआप बोलत सुटला. म्हनला, आई, मी आप्पांना दर वर्साला म्हनायचो, अमेरिकेला चला. ते म्हनायचं, मेंढरं कोन बगनार. मग मेंढरं इकली, पासपोर्ट काढला, तर मीच म्हनलो, काम लय हाय, फुडच्या उन्हाळ्यात या. त्यो फुडचा उन्हाळा आलाच न्हाई. आता आप्पा असं जातील, की आजपतूर कुटलंच मानूस गेलं न्हाई एवढं लांब. आसं म्हनून त्यो रडाय लागला. जेवलास का, एवढंच इचारलं मी.

यान उडताना त्येनं मोबाइलवर दावलं. नुसता जाळ आन् धूर. इंद्रजितनं हात जोडलं, म्हनून मी बी जोडलं.

आता खरी कटकट फुडंच हाय. विश्वजितनं समद्या भावकीला फोन करून सांगितलंय, की आप्पा आभाळात हायेत. श्रावनात वर्सश्राद्ध. देव्हाऱ्यात त्येंचा टाक बसवायचा, सोनाराकडनं चांदीचा पत्रा मी घडवून बी ठिवलाय. पर भावकीतलं म्हातारं भरमू आबा म्हनत्यात, टाक बसायचा त्यो पोचलेल्या मानसाचा. ह्यो गडी अजून वाटंवरच हाय, त्येला बसवायचं कसं? यान उतरू द्या, मग बसवू. समदी माना डोलावत्यात. आन् मला म्हाईत हाय, की ह्ये कवाच पोचल्यात, माझ्या हातानं पोचवल्यात, पर बोलायची सोय न्हाई!

त्ये यान कवा उतरनार, कुठं उतरनार, ते मला खरं खरं लिव. मला बरं वाटावं म्हनून गोड लिवू नगंस.

आठवन ठेव.
आक्का


सांगली
१७ एप्रिल २०२४

ती. आक्कास, भाऊसोचा नमस्कार, या वेळी मान जरा खाली घालून.

गोड लिहू नकोस म्हणालीस, तर ऐक. ते यान कुठंच उतरणार नाही.

गुरूपाशी पोचायला त्याला काही वर्षं लागतील. गुरू त्याला आपल्याकडं ओढेल आणि गोफणीतल्या धोंड्यासारखं भिरकावून देईल. दाजी गोफण कशी मारायचे, आठवतं ना? फरक एवढाच की गोफणीचा धोंडा कुठंतरी पडतो. याला पडायला खाली काही नाही. तिथं खाली आणि वर असं काही नसतंच.

मग काही दशकांत त्याच्या पोटातली वीज संपेल. मी मुलांना व्हॉयेजर शिकवायचो. ती दोन यानं मी शाळेत होतो तेव्हा सुटली, अजून चालली आहेत. अजून त्यांचा आवाज येतो, पण फार क्षीण, आणि वीज पुरवून वापरायची म्हणून त्यांच्यावरची यंत्रं एकेक करून बंद करत आणली आहेत. एक दिवस ती मुकी होतील. मुकी झाली तरी थांबणार नाहीत. विश्वजितच्या यानाचंही तेच होईल. तिथं हवा नाही, पाणी नाही, गंज नाही. बारीक धूळ आदळून पत्रा थोडाथोडा खरवडला जाईल, तेवढंच. हजारो वर्षांनी ते एखाद्या ताऱ्याच्या शेजारून जाईल, पण ते शेजारही असं की तो तारा तिथूनही ठिपक्याएवढाच दिसेल. कुणाची गाठ पडायची नाही. मग ते आकाशगंगेला फेऱ्या घालत राहील, एकेका फेरीला वीस-बावीस कोटी वर्षं.

तोवर आपला सूर्य म्हातारा होत जाईल. शेवटी तो फुगेल, त्याच्या आधीच समुद्र आटतील. कृष्णा नाही, कोयना नाही, वडूज नाही, सांगलीची हळदपेठ नाही. आणि आक्का, ते यान मात्र बहुतेक तेव्हाही असेल. त्याच्यावर कोरलेलं दाजींचं नाव कदाचित पुसट झालेलं असेल, पण असेल.

हे मी चाळीस वर्गांना शिकवलं असेन, कधी डोळे भरून आले नाहीत. परवा तुला लिहायला बसलो आणि पेन खाली ठेवावं लागलं. तू नदीत सोडलंस ते बरोबर की त्यानं वर पाठवलं ते बरोबर, मला सांगता येत नाही. पण दाजी त्यात नाहीत याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. माण-खटावच्या माळावरून कोकणाच्या कडेपर्यंत आणि परत, एवढंच त्यांचं जग. एकदा तरी लांब जायला हवे होते.

आता टाकाचं. यान उतरायची वाट बघितली तर टाक कधीच बसणार नाही. भरमू आबांचं वय नव्वदीकडं झुकलंय, तेही तेवढं थांबू शकणार नाहीत. तेव्हा सांगण्यावाचून सुटका नाही. यानाआधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, हे मी पुन्हा लिहिणार नाही, हे शेवटचं.

काळजी घे. तेल तिळाचं लाव.
तुझा भाऊसो


डेन्व्हर
२० जुलै २०२४

ती. मामांना, विश्वजितचा साष्टांग नमस्कार. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहितोय. असं कागदावर मी शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितोय, चुका माफ करा.

आईनं मला गेल्या महिन्यात सांगितलं. तुम्हाला आधीपासून माहीत होतं, असंही सांगितलं. मी फोन बंद केला, आणि त्यानंतर तिला केला नाही. सोनिया करते. मला जमत नाही.

मामा, मला राग आला आहे आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. आईवर काढला तर ती म्हणते, लेकरा, मला काय ठाऊक. ठाऊक नव्हतंच. मी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्याच्या दिवशी घरात एवढी माणसं, मी दोन दिवस विमानात बसून आलेलो, मला वाटलं, आई नको म्हणेल. म्हणून गपचूप घेतलं. ती नको म्हणाली असती, आणि मी हट्ट केला असता, आणि ती शेवटी हो म्हणाली असती, लहानपणापासून असंच होत आलंय. तेवढं भांडण मी टाळलं.

कंपनीला देताना मी डबी उघडली होती. राख फार मऊ होती. हाडाचा एक कण नव्हता. मी इंजिनिअर आहे, मला शंका यायला हवी होती. उलट वाटलं, आप्पा शेवटी किती वाळले असतील.

त्या यानाची एक वेबसाइट आहे. ते आत्ता कुठं आहे ते तिथं दिसतं. मी रोज सकाळी कामाला जायच्या आधी ते बघायचो आणि मनातल्या मनात रामराम आप्पा म्हणायचो. माझी पोरगीही म्हणायची. आईचा फोन आल्यापासून ते पान उघडलं नव्हतं. परवा पोरीनं हट्ट करून उघडायला लावलं. ते पुढं चाललंच होतं. खाली आप्पांचं नाव होतं, जसंच्या तसं. पोरीनं रामराम म्हटलं, आणि मी ते पान बंद केलं.

मला आप्पांसाठी काहीतरी करायचं होतं, मामा. त्यांना आणायचं राहिलं, शेवटचं बघायचं राहिलं, म्हणून हे केलं होतं. आता तेही झालं नाही. वर्षश्राद्धाला मी येणार नाही. रजा मिळेल, पण आईसमोर उभं राहायला जमणार नाही. तिला तसं सांगू नका. काम आहे म्हणून सांगा.

तुमचा आशीर्वाद असू द्या.
विश्वजित


वडूज
३ ऑक्टोबर २०२४

चि. भाऊसोस, हरणाआक्काचा आशीर्वाद. तब्येतीला जप.

विश्वजितचं पत्र तू मला श्राद्धानंतर का व्हईना, धाडलंस ते बरं केलंस. त्येनं सांगू नगा म्हनलं व्हतं, तरी बी धाडलंस, तू बी माझाच भाऊ हायस. मी ते इंद्रजितला दावलं न्हाई, एकलीनंच वाचलं. हाडाचा कन नव्हता, ते वाचून मला भाकर गेली न्हाई.

टाक बसला. मी भावकीम्होरं उभी ऱ्हाऊन समदं सांगितलं. भरमू आबा हासलं, म्हनलं, म्हंजी आपला बिरोबा अमेरिकेच्या यानात बसून गेला म्हना की! समदी हासली. मला बी हासू आलं, खोटं न्हाई सांगत. पर टाकाला हळद लावताना धाकट्या लेकाचा हात पायजे व्हता, त्यो न्हाई आला. काम हाय म्हनून तू लिवलंस, मी व्हय म्हनलं.

भाऊसो, मी लय इचार केला. त्ये यान न उतरता जातच ऱ्हानार, हे तू लिवलंस तवा मला थंडी भरली व्हती. दिवसभर चालल्यावर मेंढरू बी बसतं, मानूस बी बसतो. कंदीच बसायचं न्हाई, कुनाची गाठ न्हाई, वाट संपत न्हाई, आसलं मरान वैऱ्याला बी नगं. ह्येंची तिथनं सुटका झाली, ह्येचं मला अजून बी बरंच वाटतं. पर पोराचं म्हननं बी मला कळतंय. त्येला बापाला कुठंतरी न्यायचं व्हतं, आन् मी मदी हात घातला. त्येला रोज सकाळी उठून कुनाला तरी रामराम करायचा हाय, आन् करायला कोन न्हाई.

म्हनून तुला एक काम सांगती. मी गेले म्हंजी मला कराडलाच सोडा, ह्येंच्याजवळ. पर त्यातली एक चिमूट विश्वजितला दे. चोरून न्हाई, समद्या भावकीम्होरं दे, आन् आईनंच सांगितलंय म्हनून दे. त्येला म्हनावं, पायजे तर धाड, गुरूपल्याड धाड, सूर्यापल्याड धाड, माझी ना न्हाई. म्हंजी त्येचा रामराम मला तरी पोचंल. तू माझ्यापरीस धाकटा हायस, तुलाच ह्ये करायला लागनार, तवा कानातलं मशीन लावून तब्येत सांबाळ.

मला तिकडं जायची भीती वाटती रं. लय वाटती. तिथं सकाळ बी व्हत न्हाई म्हनं. ह्ये तेवढं त्येला सांगू नगंस. बाकीचं समदं तू तुझ्या शब्दांत लिव, मी लिवलं तर वाचून रडंल, आन् जवळ घ्यायला मी तिथं नसंन.

आक्कावर जीव हाय तसाच असू दे.
हरणाआक्का